वाटणीची करवत

"वैनी, त्यांना सांगा, शेंड्याकडचं अर्धं घेऊन मी काय चुलीत घालू?"

हे बोलला माझा दीर केरू. 'त्यांना' म्हणजे माझ्या नवऱ्याला. आणि ते काही परगावी नव्हते. तिथंच, पडलेल्या फणसाच्या पलीकडं, हातात टेप धरून उभे होते. मधे हात-दीड हात जाडीचा ओंडका आणि त्या ओंडक्याच्या टोकाशी मी. दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत होतं, पण निरोप माझ्या तोंडूनच जायला हवा.

"अगं, त्याला सांग, मी बुंधा मागितलेला नाही," आमचे हे म्हणाले. "छापा-काटा करू. ज्याला जे येईल ते त्याचं. लांबी दोन्हीकडं सारखी, बोटाचाही फरक नाही. हाफ म्हणजे हाफ."

"ऐकलंस का रे?" मी केरूला विचारलं.

"काय?"

"जे ऐकलंस तेच!"

मला तर दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालावासा वाटत होता. पण एक नवरा, दुसरा लग्न झालेला दीर. हात आवरला.

माझे मालक आजऱ्याजवळच्या आमच्या गावात हायस्कूलला इंग्रजी शिकवायचे. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, मग मीही तेच म्हणायला लागले. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोड एकच. इंग्रजी शब्द दिसला की त्याची जन्मपत्रिका मांडायची. आमटीत मीठ कमी पडलं तर दुसऱ्याची बायको बोलणी खाते, मला मात्र पगाराचा इंग्रजी शब्द मिठापासून कसा निघाला ते ऐकायला लागायचं. पाटावर त्यांच्या शेजारी ताट आणि ताटाशेजारी ती जाडजूड डिक्शनरी. कधीकधी वाटायचं, हिलाच एक भाकरी वाढावी.

आणि धाकटा भाऊ? दहावीला नेमका इंग्रजीतच गचकला. गावाला वर्षभर हसायला विषय झाला. केरूनं पुस्तकं माळ्यावर टाकली आणि म्हशी पाळल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा तो चड्डीतलं पोर होता. सासूबाई आधीच गेलेल्या. त्याच्या डोक्याला तेल मी लावलंय, त्याच्या पायातले काटे मी काढलेत. त्याचं लग्न झालं, शेवंता घरात आली, तरी आमचं सगळ्यांचं एका चुलीवरच चाललं होतं. जावा-जावांत भांडण नाही म्हणून बाया हळहळायच्या.

बिनसलं ते दुधावरनं. गावच्या दूध संस्थेत एक दिवस केरूच्या दुधात पाणी निघालं. म्हणजे तसं संस्थेनं म्हटलं. मारुतीच्या देवळात सभा बसली. केरू मधे उभा, घामानं भिजलेला. मास्तर पुढच्या रांगेत. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडं वळल्या, कारण मास्तर बोलले की गावात तो शेवटचा शब्द. ते उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चौकशी होऊ द्या. माझा भाऊ असला तरी नियम सगळ्यांना सारखा." आणि बसले.

पुढं चौकशीत निघालं की यंत्रच बिघडलेलं होतं. संस्थेनं माफी मागितली, केरूचं नाव स्वच्छ झालं. पण केरू घरी येऊन मास्तरांशी अवाक्षर बोलला नाही. महिना संपायच्या आत म्हणाला, "वैनी, त्यांना सांगा, मला वाटणी पाहिजे."

वाटणी मास्तरांनी अशी केली की पंचांनी तोंडात बोट घातलं. रानं मोजली, भांडी मोजली, घोंगडी मोजली. पळ्या विषम निघाल्या तर बाजारातून एक नवीन आणून जोड पुरी केली. मी म्हटलं, "अहो, पळी कुणी मागितली होती का?" तर म्हणाले, "अर्धं म्हणजे अर्धं, हौसा. उद्या कुणी बोट दाखवायला नको." केरूनं सगळं मुकाट घेतलं, आणि जेवढं बरोबर मिळत गेलं तेवढं त्याचं तोंड आंबट होत गेलं.

मग त्यानं अंगणापलीकडं आपल्या वाट्यात घर बांधायला काढलं. भिंती चढायला लागल्या तशी मी रोज जाऊन बघायला लागले. दाराची जागा ठेवलेली रस्त्याच्या अंगाला. आमच्या अंगणाकडं नुसती कोरी भिंत.

"केरू, दार इकडं ठेव की रे," मी एकदा म्हटलं.

"वैनी, तुमच्यासाठी खिडकी ठेवतो."

"खिडकीतनं कालवण देऊ होय रे तुला?"

तो हसला नाही. मला दुसरं काही नको होतं. वाटणी झाली, होऊ दे. चुली दोन झाल्या, होऊ देत. पण सकाळी उठून दार उघडलं की त्याचं दार समोर दिसावं, तिथनं शेवंतानं "जाऊबाई, दही हाय का?" म्हणून ओरडावं, एवढंच. एकदा का त्यानं आमच्याकडं पाठ करून घर बांधलं, की ती पाठ पोराबाळांपर्यंत तशीच राहणार, हे मला दिसत होतं.

अशात वैशाखातल्या वळवानं गोठ्याजवळचा आमचा थोरला फणस आडवा झाला. सासऱ्यांनी लावलेलं झाड. ते हयात असताना म्हणायचे, याच्या चौकटी दोन्ही पोरांच्या घरांना बसवायच्या. आता केरूला नव्या घराला चौकट हवी होती. आमच्या घराची जुनी वाळवीनं खाल्लेली. पावसाळाभर ओंडका पडून राहिला, आणि दिवाळी झाल्यावर मास्तर टेप घेऊन बाहेर पडले. आजऱ्याच्या मिलवाल्यानं ओंडक्याची जाडी बघूनच हात जोडले होते. म्हणून दस्तगीरमामांना बोलावलेलं.

दस्तगीरमामा म्हणजे आमच्या भागातला शेवटचा करवतवाला. करवत पुरुषभर लांब, दोन्ही टोकांना आडव्या मुठी. एक माणूस ओंडक्यावर उभा, एक खाली. मामांचा जोडीदार वारल्यापासून त्यांची करवत आढ्याला टांगलेली होती.

भावाभावांचे निरोप त्यांनी घटकाभर ऐकले. मग मास्तरांच्या हातातली टेप काढून घेतली, गुंडाळली आणि आपल्या खिशात टाकली.

"आडवा कापला की एकाला मूळ, दुसऱ्याला शेंडा. कशाचं सारखं? उभा कापा. दोघांनाबी मूळ, दोघांनाबी शेंडा."

"कापा की मग," मास्तर म्हणाले.

"मी? मी न्हाई कापत." मामा ओंडक्यावर बसले. "सूत मारून देतो, करवत लावून देतो. पर वाटणीचं लाकूड माझा बाप ओढत नव्हता, मीबी ओढत न्हाई. ज्यांची वाटणी त्यांनी ओढायचं. उद्या फळी सूतभर इकडं-तिकडं झाली तर शिव्या एकमेकांना घाला, दस्तगीरला नकोत."

मी पदर तोंडाला लावला. दोघं भाऊ एकमेकांकडं न बघता मामांकडं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी गड्यांनी चार मेढी रोवून उंच माच केली, दोर लावून ओंडका वर चढवला. मामांनी गेरूत भिजवलेला दोरा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत ताणला आणि टिचकी मारली. लाल रेघ उमटली. रविवार होता, मास्तरांना सुट्टी. धोतराचा काचा मारून ते वर चढले. थोरले म्हणून वर, यात कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता. केरू खाली.

"एकच ध्यानात ठेवा," मामा म्हणाले. "वरच्यानं वर ओढायचं, खालच्यानं खाली. ढकलायचं कुणीच न्हाई. आपली पाळी सरली की हात ढिला. पातं दुसऱ्याला न्यायला द्यायचं."

सोपं वाटतंय ना? घटकाभरात करवत तीनदा वाकली. मास्तर आपलं ओढून झालं की सोडायचेच नाहीत, खाली ढकलायचे. पोराच्या हाताला धरून पाटीवर अक्षर गिरवून घेतात तसं केरूच्या पाळीतही यांचाच हात. आणि केरू? तो खाली ओढून झालं की मूठ गच्च आवळून धरायचा. पातं मधेच अडकायचं, कण्हल्यासारखा आवाज करायचं.

"मास्तर, ढकलू नका!" मामा.

"हौसा, त्याला सांग, सोडत नाही तो."

"वैनी, त्यांना सांगा, ढकलत्यात ते."

"अरे मेल्यांनो, मी काय तार ऑफिस हाय?" मी ओरडले. "करवतीवर हात तुमचे, आणि दम मला लागतोय!"

दुपारपर्यंत वीतभर काप गेला नाही. त्यात खालच्याच्या डोळ्यांत भुसा. केरूचे डोळे लाल झाले, भुवया पिवळ्या झाल्या. मास्तरांनी वरनं वाकून बघितलं आणि आपल्या समजुतीनं चांगलंच बोलले, "त्याला सांग, काप रेघेच्या डावीकडं जातोय. त्याच्याच वाट्याला कमी पडेल. मला अर्ध्यापेक्षा जास्त नको."

केरूनं मूठ सोडली. करवत लाकडात तशीच लोंबत राहिली. आणि पहिल्यांदाच तो माझ्याकडं न बघता थेट वर तोंड करून ओरडला, "अर्धं, अर्धं, अर्धं! मला अर्धं नको होतं! पळीसुद्धा अर्धी मोजून दिलीस. तुझ्या त्या इंग्रजीत तरी बघ एकदा, अर्धं म्हणजे काय असतं ते!" पाय आपटत म्हशींच्या गोठ्याकडं गेला.

मास्तर वर तसेच उभे. उन्हात चष्मा चमकत होता, डोळे दिसत नव्हते.

घरी आल्यावर त्यांनी हात धुतले, आणि जेवायच्या आधी डिक्शनरी काढली. माझं डोकंच फिरलं. "अहो, तो रागानं बोलला. खरोखर बघताय काय?"

ते पान उघडून बसले. बारीक अक्षर, बोट ठेवून वाचत होते. मग बोट एका जागी थांबलं ते थांबलंच. आमटी गार झाली. मी विचारलं, "काय निघालं?" म्हणाले, "काही नाही." जन्मात पहिल्यांदा त्या माणसानं शब्दाचं कूळ सांगायचं टाळलं. मला वाटलं, ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतनं रजा टाकली. आम्ही गेलो तेव्हा केरू आधीच माचेखाली उभा होता, तोंडाला फडकं बांधून. शेवंतानं त्याला समजावून आणलं असावं, ती गोठ्याच्या दारातनं बघत होती. मास्तर माचेपाशी गेले. वर चढले नाहीत. वाकून ओंडक्याखाली शिरले आणि केरूच्या हातातली मूठ धरली.

"हौसा, त्याला सांग..." म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "केरू, तू वर जा."

दोन वर्षांनी त्या तोंडातनं त्याचं नाव त्याच्यासाठी निघालं होतं. मी मामांकडं बघितलं. मामा करवतीची कानस कारण नसताना पुसत बसले होते.

"नको," केरू म्हणाला. "तुला भुसा सोसायचा न्हाई. चष्मा हाय."

"जा वर."

गेला. मास्तरांनी चष्मा काढून माझ्याकडं दिला. चष्म्याशिवाय त्यांना हातभर पलीकडचं धड दिसत नसे. रेघ दिसायचा तर प्रश्नच नाही. खाली नुसतं ओढायचं आणि सोडायचं, वरचा नेईल तिकडं पातं जाऊ द्यायचं.

केरूनं वर ओढलं. मास्तरांनी सोडलं. मास्तरांनी खाली ओढलं. केरूनं सोडलं. भुसा भुरूभुरू त्यांच्या डोक्यावर, कपाळावर, मिशांवर पडायला लागला. करवतीचा आवाज बदलला. मामांनी मान वर केली आणि पहिल्यांदा हसले. "आता चालली," म्हणाले आणि पाचर ठोकायला उठले.

बराच वेळ नुसता तो आवाज. एकाला दुसऱ्याचं तोंड दिसत नव्हतं, मधे लाकूड. म्हणूनच बहुतेक मास्तरांना ते जमलं.

"केरू, त्या दिवशी देवळात मी उठायला पाहिजे होतं."

"उठला होतास की. नियम सांगायला."

"तुझ्या शेजारी येऊन उभं राहायला पाहिजे होतं."

करवत थांबली. केरूच्या हातातली मूठ मला दिसत होती. बोटं पांढरी पडली होती.

"एक सांग," केरू म्हणाला. "तुला वाटलं होतं का, मी पाणी घातलं असंल?"

"क्षणभरसुद्धा नाही."

"मग?"

"मास्तर होतो ना. लोक म्हणतील, भावाची बाजू घेतली."

"म्हणू द्यायचं होतंस! काय बिघडलं असतं? चौकशी व्हायची ती झालीच असती. मी एकटा उभा होतो रे तिथं, दादा. समद्या गावात एकटा. तू जवळ येऊन नुसता गप उभा राहिला असतास तरी चाललं असतं. वाटणी मी जमिनीसाठी मागितली व्हय?"

मास्तरांच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. भुशानं असेल, नाही असं मी म्हणत नाही. पण खांदे भुशानं हलत नाहीत. शेवंता गोठ्याच्या दारातनं आत पळाली.

"ओढ," थोड्या वेळानं केरू वरनं म्हणाला. "ऊन चढायच्या आत एवढं तरी उरकू."

ओंडका दुभंगला तेव्हा आतनं हळदीसारखं पिवळंधमक लाकूड निघालं. दोन्ही फळ्यांवर एकच नक्षी, एकीवर डावीकडं असलेली गाठ दुसरीवर उजवीकडं. मामांनी दोन्हींवरनं हात फिरवला. आमच्याकडची फळी सूतभर जाड होती. कुणी टेप मागितली नाही. ती अजून मामांच्याच खिशात होती.

हे सगळं झालं, चांगलंच झालं, पण माझा जीव भांड्यात पडला नव्हता. बोलणं सुरू झालं म्हणून बांधलेली भिंत कोण पाडतंय? सुतारानं चौकटी करून दिल्या. केरूची चौकट त्याच्या नव्या घराला टेकवून ठेवलेली, रस्त्याच्या अंगाला, जिथं जागा सोडली होती तिथं. मी येता-जाता बघायचे आणि गप बसायचे.

अशाच एका संध्याकाळी मास्तर ओट्यावर बसले होते. मी चहा दिला आणि विचारलं, "त्या दिवशी डिक्शनरीत काय वाचलंत? आता तरी सांगा."

त्यांनी बशी खाली ठेवली. "हाफ म्हणजे अर्धं, हे मी जन्मभर पोरांना शिकवलं. दोन सारखे भाग, त्यातला एक. तसं ते खरंच आहे. पण त्या शब्दाचं मूळ बघितलं तर पूर्वी त्याचा अर्थ नुसता बाजू असा होता. मोजमाप नव्हतं त्यात. डोंगराची ही बाजू, नदीची ती बाजू, माणसाची बाजू. कुणाच्या वतीनं सही करतात तेव्हा बिहाफ म्हणतात, त्याच्यात तोच जुना अर्थ अजून शिल्लक आहे. म्हणजे त्याच्या बाजूला उभं राहून. सारखं मोजून देणं हे नंतर आलं, हौसा. आधी बाजूला उभं राहणं होतं. मी त्याला सगळं मोजून दिलं, आणि जे पहिलं द्यायचं तेच द्यायचं राहिलं."

मला राहवलं नाही.

"हे कळायला एवढं जाड पुस्तक लागलं होय तुम्हाला?"

ते हसले.

"केरूला सांगितलंत हे?"

"नाही. त्याला इंग्रजी आवडत नाही."

सकाळी मी चुलीपुढं होते. पलीकडनं धाडधाड आवाज यायला लागला. पहिल्यांदा वाटलं, म्हैस सुटली. बाहेर येऊन बघते तर केरू पहार घेऊन आमच्या अंगणाकडची भिंत फोडतोय. नवीकोरी भिंत, गिलावासुद्धा वाळला नव्हता. विटा धडाधड खाली पडत होत्या आणि शेवंता त्या उचलून एका अंगाला रचत होती.

"केरू! अरे, काय करतोस हे?"

"दाराला जागा करतोय, वैनी. तुम्हीच म्हणत होता ना, खिडकीतनं कालवण येत न्हाई."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. पीठ भरलेल्या हातांनीच डोळे पुसले, सगळं तोंड पांढरं झालं. शेवंता मला बघून हसायला लागली आणि हसता हसता तीही रडली.

मास्तर शाळेला निघाले होते. कोट घातलेला, बगलेत ती डिक्शनरी. ते अंगणात येऊन थांबले. भिंतीला भगदाड पडलं होतं, आणि केरू एकटाच ती जड चौकट उचलून आत बसवायला बघत होता. एक टोक वर यायचं, दुसरं घसरायचं. त्यानं मान वळवली, घाम पुसला आणि म्हणाला,

"दादा, जरा त्या बाजूनं धर."

मास्तरांनी डिक्शनरी माझ्या मांडीवर ठेवली, कोट काढला, अंगण ओलांडून गेले आणि त्या बाजूनं धरलं.